‘फुल इन्शुरन्स’मध्ये काय येते आणि काय राहून जाते : मालवाहू ट्रकच्या विम्याविषयी वाचकांचे प्रश्न

मालवाहतुकीच्या धंद्यातील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राला सर्वाधिक जागा दिली आहे, कारण त्यातील गैरसमज इतर अनेक पत्रांमध्येही डोकावतो आणि त्याची किंमत बहुतेक वेळा ट्रकवर राबणाऱ्या माणसाच्या घरच्यांना मोजावी लागते.

प्रश्न : माझा एकच ट्रक आहे. दोन महिन्यांपूर्वी घाटातल्या वळणावर तो उलटला. ड्रायव्हर जखमी झाला, क्लीनर जागीच गेला आणि सिमेंटची पोती पावसात भिजून वाया गेली. मी दरवर्षी न चुकता फुल इन्शुरन्स काढतो. आता कंपनी म्हणते की ट्रकच्या दुरुस्तीचे पाहू, सिमेंट आमच्याकडे येत नाही, आणि क्लीनरबद्दल कागद बघून सांगू. व्यापाऱ्याने वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. मग मी एवढी वर्षे हप्ता भरला तो कशासाठी?

उत्तर : आपल्या क्लीनरच्या मृत्यूबद्दल मनापासून दुःख वाटते, आणि म्हणून उत्तराची सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

‘फुल इन्शुरन्स’ हा शब्द कोणत्याही पॉलिसीत छापलेला नसतो. तो बोलण्यातला शब्द आहे, आणि तो कानावर पडला की सगळे काही आत आले असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात मालवाहू वाहनाच्या पॅकेज पॉलिसीचे तीन मुख्य भाग असतात. पहिला भाग आपल्या ट्रकच्या नुकसानीचा असतो. दुसरा तिऱ्हाइताच्या मृत्यूबद्दल, इजेबद्दल आणि मालमत्तेच्या हानीबद्दल आपल्यावर येणाऱ्या जबाबदारीचा असतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार एवढाच भाग सक्तीचा आहे. तिसरा भाग मालक स्वतः गाडी चालवत असेल तर त्याच्या व्यक्तिगत अपघाताचा असून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. आपला पगारी चालक आणि क्लीनर या तिसऱ्या भागात येत नाहीत, हे अनेक मालकांना अपघात झाल्यावरच कळते.

आता पॉलिसीचे पहिले पान समोर घ्या. हप्त्याचा तक्ता सहसा दोन रकान्यांत असतो : एका बाजूला स्वतःच्या वाहनाचे नुकसान, दुसऱ्या बाजूला दायित्व. दायित्वाच्या रकान्यात, तिऱ्हाइताच्या मोठ्या रकमेखाली, चालक, क्लीनर किंवा कर्मचारी यांच्याबद्दलच्या कायदेशीर जबाबदारीची एक लहानशी ओळ असते. तिच्यासमोर माणसांची संख्या आणि किरकोळ हप्ता लिहिलेला असतो, आणि जोडलेल्या कलमांच्या यादीत ‘आयएमटी २८’ असा उल्लेख येतो (‘आयएमटी’ म्हणजे मोटार विम्याच्या दरपत्रकातील जोड-कलम). या कलमामुळे कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याखालील, १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखालील आणि सामान्य कायद्याखालील मालकाची जबाबदारी विमा कंपनी उचलते. एवढ्या मोठ्या हप्त्यात ही रक्कम नगण्य असते. तरीही हप्ता शे-दोनशे रुपयांनी कमी दाखवण्यासाठी ती ओळ गाळलेली किंवा दोनऐवजी एकच माणूस लिहिलेला मी पाहिला आहे, आणि त्याचे मला दरवेळी अतोनात वाईट वाटते. चढ-उताराचे हमाल गाडीबरोबर जात असतील तर त्यांच्यासाठी ‘आयएमटी ३९’ हे वेगळे कलम आहे.

आपल्या पॉलिसीत ती ओळ असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा. नसेल तरी कायद्याने आपली जबाबदारी संपत नाही. कामावर असताना मृत्यू आल्यास मालकाने भरपाई एका महिन्याच्या आत जमा करायची असते. तसे न केल्यास १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. हा नियम १९२३ च्या कायद्यातला असून सामाजिक सुरक्षा संहितेतही तो पुढे चालू राहिला आहे. विमा कंपनीवर भरपाईचा आणि व्याजाचा भार टाकता येतो, परंतु दंड मालकानेच भरायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले आहे. आपले दोन महिने उलटून गेले आहेत, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. क्लीनरच्या घरच्यांनाही हे सांगायला हवे की कामगार भरपाईचा मार्ग आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग यांपैकी एकच निवडता येतो. तेव्हा कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी वकिलाचा सल्ला घ्यावा.

सिमेंटचा प्रश्न अगदी वेगळा आहे. गाडीतून वाहून नेला जात असलेला किंवा मालकाच्या ताब्यात सोपवलेला माल मोटार पॉलिसीच्या दायित्व-भागातून स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो, त्यामुळे कंपनीने याबाबत दिलेले उत्तर बरोबर आहे. या मालासाठी दोन निराळ्या पॉलिसी असतात. माल पाठवणारा अंतर्गत वाहतुकीची ट्रान्झिट पॉलिसी घेतो. तिच्या ‘अ’ प्रकारात जवळजवळ सर्व जोखमी येतात, ‘ब’ प्रकारात आग, वीज, टक्कर आणि वाहन उलटणे अशा नावानिशी दिलेल्या जोखमी येतात, तर ‘क’ प्रकार आग आणि वीज एवढ्यापुरता असतो. वाहतूकदार मात्र स्वतःच्या जबाबदारीसाठी वाहकाच्या कायदेशीर दायित्वाची पॉलिसी घेतो. व्यापाऱ्याने विमा उतरवला होता म्हणून आपण सुटलो असे समजू नका. त्याची कंपनी त्याला पैसे देऊन त्याचे हक्क स्वतःकडे घेते आणि वाहतूकदाराकडून वसुली करते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये या हक्काची सविस्तर मांडणी केलेली आहे.

नोटिशीला उत्तर देण्यापूर्वी बिल्टी, म्हणजे वाहतुकीसाठी माल स्वीकारल्याची पावती, कोणाच्या नावाची आहे ते पाहा. १ मार्च २०११ पासून लागू असलेल्या रस्ते मालवाहतूक कायदा, २००७ नुसार पावती देऊन माल स्वीकारणारा तो ‘सामान्य वाहक’ ठरतो. आपला ट्रक एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीने भाड्याने लावला असेल आणि बिल्टी तिच्या नावाची असेल, तर व्यापाऱ्यापुढे पहिली जबाबदारी तिची आहे, आणि आपले नाते तिच्याशी केलेल्या कराराचे आहे. माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर मान्य केलेला नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि तीही मालाच्या जाहीर केलेल्या किमतीच्या आत राहते. म्हणजे भाडे १८,००० रुपये असेल तर १,८०,००० रुपये ही मर्यादा होते. दावा लावण्यापूर्वी, माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहकाला लेखी नोटीस मिळालेली असणेही आवश्यक आहे. ‘माल मालकाच्या जोखमीवर’ असा बिल्टीवर मारलेला शिक्का मात्र आपल्याला निष्काळजीपणाच्या जबाबदारीतून सोडवत नाही. ताडपत्री नीट बांधली होती का, हा प्रश्न त्या शिक्क्याला न जुमानता विचारला जाईल.

प्रश्न : आमच्या दहाचाकी ट्रकमध्ये पासिंगपेक्षा चार टन जास्त माल होता. ट्रक सिग्नलला उभा असताना मागून आलेल्या बसने धडक दिली. चूक बसची आहे हे पंचनाम्यातही आले आहे, तरी ‘ओव्हरलोड होता’ एवढ्या कारणावरून आमचा क्लेम पूर्ण नाकारला. हे बरोबर आहे का?

उत्तर : पूर्ण नाकारणे बरोबर वाटत नाही. मालवाहू वाहनाच्या पॉलिसीतील अपवादाची शब्दरचना लक्षपूर्वक वाचा : ‘जादा भारामुळे किंवा ताणामुळे झालेले नुकसान’ देय नाही. जादा भाराने पाटे तुटले, अॅक्सल मोडला, चासिस वाकली, तर हा अपवाद लागू होतो. आपल्या प्रकरणात उभ्या गाडीला मागून धक्का बसला आहे आणि नुकसानीचे कारण ती धडक आहे. मालवाहू गाडीत परवानगीपेक्षा जास्त माणसे बसल्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ आणि २०१६ मध्ये असे ठरवले की ज्या अटभंगामुळे अपघात घडलेला नाही, तेवढ्या अटभंगावरून स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा दावा फेटाळता येत नाही. हीच तर्करेषा आपण मांडू शकता. काही प्रकरणांत अटभंग मान्य करून ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याचा मार्गही न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केला आहे, त्यामुळे तडजोडीची बोलणी त्याच्याखाली सुरू करू नका. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागून घ्या, आणि अपघाताचे कारण म्हणून त्याने काय लिहिले आहे ते शब्दशः पाहा. आपण एकल मालक किंवा सूक्ष्म उद्योग असाल तर विमा लोकपालाकडेही विनाशुल्क तक्रार करता येते. लोकपालाची मर्यादा ५० लाख रुपये आहे आणि महाराष्ट्रात त्याची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार करून एक महिना थांबावे लागते.

हे सारे सांगितले तरी चार टनांचे समर्थन मी करू शकत नाही. तीन अॅक्सलच्या दहाचाकीला २०१८ पासून २८.५ टनांची मुभा मिळाली आहे. त्याहून चार टन जास्त म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, असा २८,००० रुपये दंड, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळाच. उद्या हाच ट्रक उतारावर ब्रेक न लागल्याने कोणाला चिरडून गेला, तर काट्याची पावती आपल्याविरुद्ध सर्वांत बोलका पुरावा ठरेल.

प्रश्न : माझ्या पुतण्याकडे हलक्या वाहनाचे लायसन्स आहे. तो आमचा छोटा टेम्पो चालवतो. ‘ट्रान्सपोर्ट’ची नोंद नसल्यामुळे विमा मिळणार नाही, असे एजंट म्हणतो.

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हा वाद संपवला आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकते. येथे एकूण वजन म्हणजे मालासकट मंजूर असलेले वजन, रिकाम्या गाडीचे नव्हे. तेव्हा आरसी पुस्तकातला हाच आकडा तपासा. धोकादायक मालासाठी लागणारी वेगळी पात्रता मात्र कायम आहे. परवान्याची मुदत संपलेली नाही ना, हे परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर पाहून त्या पानाची छापील प्रत गाडीच्या कागदांत ठेवावी. चालकाचा परवाना मालकाने पाहिला होता आणि त्याला गाडी नीट चालवता येते याची खात्री करून घेतली होती, हे दाखवता आले तर कंपनीला मालकाचा दोष सिद्ध करणे अवघड जाते. तसा दोष सिद्ध झालाच, तर न्यायालये सहसा कंपनीला आधी तिऱ्हाइताला पैसे देण्यास आणि मग मालकाकडून वसूल करण्यास सांगतात.

प्रश्न : आमचा ट्रक सहा वर्षांचा आहे. केबिनच्या दुरुस्तीचे बिल २,४०,००० रुपये झाले, पण कंपनीने त्यातली मोठी रक्कम कापली. ही लूट नाही का?

उत्तर : बहुतेक कपात घसाऱ्याची, म्हणजे भाग जुने झाल्याने घटलेल्या किमतीची असते, आणि तिचे दर ठरलेले असतात. पाच ते दहा वर्षांच्या वाहनाच्या धातूच्या सुट्या भागांवर ४० टक्के, रबर, प्लॅस्टिक, नायलॉन, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, आणि काचेवर काहीच नाही. समजा आपल्या बिलात धातूचे भाग १,५०,००० रुपयांचे, प्लॅस्टिक आणि रबर ४०,००० रुपयांचे, काच १५,००० रुपयांची आणि मजुरी ३५,००० रुपयांची आहे. मग धातूतून ६०,००० आणि प्लॅस्टिकमधून २०,००० वजा होऊन १,६०,००० रुपये उरतात, आणि त्यातून पॉलिसीत लिहिलेली सक्तीची वजावट जाते. कंपनीची कपात याहून बरीच जास्त असेल तर तक्ता मागा. बहुधा असे दिसेल की बंपर, मडगार्ड, दिवे आणि रंग यांचे पैसे वेगळे कापले गेले आहेत, कारण ‘आयएमटी २३’ हे जोड-कलम आपण घेतलेले नव्हते. ट्रकचा पुढचा भाग हा सर्वांत आधी मार खाणारा भाग असल्यामुळे त्या कलमाचा हप्ता वाचवू नये असे माझे मत आहे.

पाच वर्षांनंतर वाहनाची विम्यासाठी घोषित केलेली किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. हप्ता कमी यावा म्हणून ती फार खाली लिहून घेऊ नका. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते, आणि मग तीच खाली लिहिलेली किंमत हातात पडते, जी अनेकदा बँकेचा बोजाही फेडत नाही.

प्रश्न : मी जुना ट्रक घेतला. आरसी माझ्या नावावर झाली, पण पॉलिसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर आहे. चालेल का?

उत्तर : तिऱ्हाइतासाठी चालेल, आपल्यासाठी नाही. कलम १५७ नुसार मालकी बदलली की विमाही नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते, पण न्यायालयाच्या अर्थानुसार हे मानणे तिऱ्हाइताच्या हक्कापुरतेच आहे. ट्रक चोरीला गेला किंवा जळाला तर कंपनी आपल्याला ओळखतच नाही, कारण तिचा करार दुसऱ्याशी आहे. हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करायचा असतो; आपण उशीर केला असेल तर आजच करा आणि पोच घ्या. आधीच्या मालकाला मिळालेली नो क्लेम सवलत आपल्याला मिळत नाही, तेवढ्या फरकाची रक्कम भरावी लागेल.

गाडी विकणाऱ्यांनाही एक सांगायचे आहे. ताबा दिला, पैसे घेतले, पण आरसीवर नाव आपलेच राहिले, तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालक म्हणून आपल्यालाच जबाबदार धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी सोडून देणे म्हणूनच अतिशय धोक्याचे आहे.

प्रश्न : माझे वडील आमच्या शेतातला कांदा घेऊन भाड्याच्या ट्रकने बाजार समितीत निघाले होते. वाटेत ट्रक पुलाच्या कठड्यावर आदळला आणि ते गेले. ते फुकटे प्रवासी होते, म्हणून भरपाई देणार नाही, असे कंपनीचा माणूस घरी येऊन सांगून गेला. आम्ही आता काय करावे?

उत्तर : ताई, घरी येऊन तोंडी सांगितलेल्या गोष्टीला कायद्यात काहीही वजन नाही. मालवाहू गाडीतील फुकट प्रवाशाला सक्तीचे विमा-संरक्षण नाही हे खरे आहे, परंतु आपल्या मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी १९९४ च्या दुरुस्तीपासून कलम १४७ मध्ये स्पष्टपणे आलेला आहे. आपले वडील हे कांद्याचे मालक होते, एवढे आपल्याला दाखवायचे आहे. त्यासाठी सातबारा उतारा आणि त्यावरील पिकाची नोंद, ट्रकच्या भाड्याची पावती किंवा मोबाइलवरून केलेला भाड्याचा भरणा, काट्याची पावती, गोण्या भरणाऱ्या मजुरांचे जबाब आणि सांडलेल्या कांद्याचा उल्लेख असलेला घटनास्थळाचा पंचनामा गोळा करा. पहिल्या खबरीत त्यांच्याविषयी ‘प्रवासी’ असे मोघम लिहिले असेल तर पोलिसांकडे पुरवणी जबाब द्या. ते केबिनमध्ये बसले होते की मागे मालावर, हा प्रश्न नक्की विचारला जाईल, कारण सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण केबिनमध्ये बसलेल्या मालकापुरते असल्याचे म्हटले आहे. चालक जिवंत असेल तर त्याचा जबाब या मुद्द्यावर फार मोलाचा ठरेल.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढचा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत पुन्हा लागू झाली आहे. आपण राहता त्या भागातील न्यायाधिकरणातही तो दाखल करता येतो, अपघात कुठेही झालेला असो. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आपल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, पहिल्या खबरीची प्रत आणि भाड्याची पावती एवढे तीन कागद घेऊन आपण आणि आई या आठवड्यातच तिथे जा.